आजचे चिंतन : पितरांकडे काय मागतो?

॥ श्रीराम ॥

आज पितृपक्षातली नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची तिथी. सकाळी गुरुजी आले होते. दक्षिणेकडे तोंड, जानवं उजव्या खांद्यावर, ओंजळीत पाणी नि काळे तीळ. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून पाणी सोडताना दरवर्षी मनात एकच असायचं : आपण देतो, ते घेतात. वर्षाचं देणं फिटलं.

यंदा पिंडदानानंतरची प्रार्थना म्हणवून घेताना गुरुजी थांबले. "अर्थ ठाऊक आहे का?" मी गप्प. इतकी वर्षं नुसताच मागोमाग म्हणत होतो.

ही प्रार्थना याज्ञवल्क्यस्मृतीच्या श्राद्धप्रकरणातही आहे. यजमान पितरांकडे मागतो : आमच्या कुळात दाते वाढोत, वेद आणि संतती वाढो, आमची श्रद्धा जाऊ नये, आणि द्यायला आमच्याजवळ पुष्कळ असावं. बघा हं, पुष्कळ मागायचं तेसुद्धा देण्यासाठी!

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की देव आणि माणसं यांनी एकमेकांना संतुष्ट करावं. मला वाटतं, पितरांचंही तसंच आहे. आपण तीळपाणी देतो, ते आपल्याला देण्याची बुद्धी देतात.

आणि मला एकदम चुलतभाऊ आठवला. नानांनी त्याला अडचणीत पैसे दिले होते. ते परत आले नाहीत, पण नाना त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. ते गेल्यावर मी मात्र बोललो, चारचौघांत बोललो. सहा वर्षं झाली, येणंजाणं बंद आहे. तोंडाने म्हणायचं 'कुळात दाते वाढोत', आणि बापाने दिलेलं मागे ओढायचं! नानांनी द्यायचं ते केव्हाच दिलं होतं. मीच ते घेतलं नव्हतं.

तर्पणात शेवटी ज्यांचं कुणी नाही, त्यांच्यासाठीही पाणी सोडतात. परक्याला ओंजळ, आणि सख्ख्या काकांचा मुलगा दाराबाहेर?

जेवायला बसण्याआधी फोन लावला. "दादा?" एवढंच म्हणाला, नि दोघंही गप्प. मग मीच म्हटलं, "नानांची तिथी आहे रे. माझं चुकलं. जेवायला ये."

तो अजून यायचाय. त्याचं पान झाकून ठेवलंय.

तुमच्याकडेही या पंधरवड्यात कुणाची तिथी असेल. तीळपाणी द्याच. पण पितरांनी आपल्याला काय देऊ केलंय, आणि आपण ते घेतलं का, हेही एकदा स्वतःला विचारा.

॥ श्रीराम समर्थ ॥