डायरीत राहून गेलेली ओळ



काल माझी २०२० सालची डायरी उघडली. १ जुलै, आषाढी एकादशी. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. माऊलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. मी त्या दिवशी पानभर लिहिलंय. कोरोनाचे आकडे, गलवानची चकमक, कोणाचं कसं चुकलं, सगळं आहे. पण शेजारच्या खोलीत आजी होती. आयुष्यभराची तिची वारी पहिल्यांदाच चुकली होती. तिच्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. आणि आज विचारायला आजी नाही.

ज्ञानेश्वरी संपवताना माऊली पसायदान मागतात, तेही साऱ्या जगासाठी. दुष्टांचा नाश व्हावा असं म्हणत नाहीत. त्यांच्यातला दुष्टपणा जावा, एवढंच मागतात. जगाचं दुःख त्यांच्याकडे प्रार्थना होऊन येतं. माझ्या डायरीत मात्र नुसता राग होऊन आलं.

म्हणून आता ठरवलंय. बातमी लिहायचीच, पण तिच्याखाली दुखावलेल्या कोणासाठी तरी एक मागणं लिहायचं. आणि त्याआधी घरातल्या माणसाला विचारायचं, "आज कसं वाटतंय?"

आज रात्री तुमच्या पानावर कोणाचं नाव असेल?

जय हरी विठ्ठल!