अधिकार आधी की विद्या आधी?

छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम गुरूच्या दारात उभा आहे. गौतम त्याला गोत्र विचारतात. तो आईने सांगितलेलं जसंच्या तसं सांगतो: तरुणपणी चार घरी राबताना तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही, मी जबाला, तेव्हा तू सत्यकाम जाबाल. पोरगा सत्याला धरून राहिला म्हणून गौतम त्याला समिधा आणायला सांगतात. पण असं बोलणं ब्राह्मणाखेरीज कुणाला जमायचं नाही, असंही ते म्हणतात. ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणात नेमका याचाच आधार घेतला गेला: मुलगा शूद्र नाही याची खात्री पटल्यावरच त्याला जवळ केलं, म्हणून शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही. एकाच गोष्टीने दार उघडलं आणि लावूनही घेतलं.

विद्या घ्यायला माणूस आधी लायक हवा, हे त्यामागचं गृहीत. विद्यापीठं आली तेव्हा ‘अधिकारा’च्या जागी ‘पात्रता’ आली, उंबरठा तिथेच राहिला. या उंबरठ्याची किंमत कोण मोजतं, ते जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे मांडलं: महसूल रयतेच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर.

बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला अजून आठ वर्षं होती. या कॉलेजला नाव मिळालं मिलिंदाचं, म्हणजे ग्रीक राजा मिनँडरचं. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारतो. उत्तरं देणाऱ्या नागसेनाचं नाव परिसराला, नागसेनवनाला. कॉलेजला मात्र विचारणाऱ्याचं.

त्या ग्रंथातला एक प्रसंग फार मोलाचा आहे. वादाआधी नागसेन अट घालतो: पंडित म्हणून बोलणार असशील तर बोलू, राजा म्हणून नाही. पंडितांच्या वादात एखादा खोडला जातो, चूक कबूल करतो, आणि कुणी रागावत नाही. राजे विरोध करणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद पंडित म्हणून बोलायचं कबूल करतो.

आज विद्यापीठ गावात जातं ते बहिःशाल व्याख्यानमालेतून, एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरातून. त्या श्रमाचं मोल आहेच. पण बोलतं बहुधा विद्यापीठ, ऐकतं गाव. राजेपण अजून पुरतं सुटलेलं नाही.

ते सुटतं तेव्हा काय होतं, हे मिलिंदच्या आवाराने दाखवलं. तिथल्या विद्यार्थी-प्राध्यापकांच्या वर्तुळातून १९६० च्या दशकाअखेरीस ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचं नियतकालिक उभं राहिलं, गंगाधर पानतावण्यांनी ते वर्षानुवर्षं चालवलं. दलित साहित्य अभ्यासक्रमात आलं आणि साहित्य कशाला म्हणायचं, याचाच फेरविचार मराठी विभागांना करावा लागला. बाहेर ठेवलेली माणसं आत आली तेव्हा आतली विद्याच तोकडी होती, हे उघड झालं. मग अपात्र कोण होतं?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. बारावी नसलेल्यांसाठी त्याने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला, म्हणजे पात्रता दाराबाहेर मागण्याऐवजी आत घेऊन घडवायची ठरवली. रविवारी अभ्यासकेंद्रावर मागच्या बाकावर एखादी बाई घरचं आवरून धापा टाकत येऊन बसते. आठवडाभर वाचताना अडलेलं तिने वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून आणलेलं असतं. तास संपायला दहा मिनिटं उरली की ती ते पान उघडते.