बूट कुणाकडे?

सेजब्रश या झुडपाच्या वाळक्या काठीला धनुकलीच्या दोरीचा वेढा द्यायचा, काठीचं टोक फळीच्या खोबणीत रोवायचं आणि धनुकली पुढे-मागे ओढत राहायची. आपल्याकडे यज्ञासाठी अरणी घुसळतात, तसाच प्रकार. हात भरून येतात, धूर निघतो, खोबणीत काळी भुकटी साचते, पण विस्तव धरत नाही. अमेरिकेत युटाच्या वाळवंटात खचलेल्या, व्यसनात अडकलेल्या तरुणांना उपचार म्हणून काही आठवडे ठेवतात, तिथे अनेक शिबिरांत काडेपेटी मिळत नाही. निखारा पडला तर भात-मसूर शिजणार. घरी वर्षभर खोलीचं दार न उघडलेला पोरगा एके दिवशी तो निखारा गवताच्या गुंडाळीत धरून फुंकतो आणि जाळ होतो. त्या क्षणी त्याला कुणाच्या शाबासकीची गरज नसते. जमलं की नाही, हे जाळच सांगतो.

या उपचाराची मुळं कुर्ट हान या जर्मन शिक्षकापर्यंत जातात. हिटलरविरुद्ध बोलल्याबद्दल १९३३ मध्ये त्यांना अटक झाली, पुढे ते ब्रिटनमध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धात टॉर्पेडोने जहाजं बुडत होती आणि जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांच्या लक्षात आलं, की होड्यांत धट्टीकट्टी पोरं आधी दम सोडतात, शिडाच्या जहाजांवर मुरलेले वयस्क खलाशी मात्र तग धरतात. त्यातून या दोघांनी १९४१ मध्ये वेल्समधल्या अॅबरडोव्हीला ‘आउटवर्ड बाउंड’ ही साहस-शिक्षणाची शाळा सुरू केली. हान यांचा भर डोंगर चढण्यापेक्षा दुसऱ्याला वाचवण्यावर होता. ज्याच्या हातात दुसऱ्याचा दोर आहे, त्याला स्वतःला निकामी समजायला फुरसत मिळत नाही.

पुढे अमेरिकेत याचा धंदा झाला आणि इथेच माझी मान हलायची थांबते. आई-वडिलांच्या संमतीने भाड्याची माणसं पहाटे मुलाच्या खोलीत शिरतात आणि त्याला गाडीत घालून नेतात. पळू नये म्हणून रात्री बूट काढून घेतात. शौचाला गेलं तर आडोशामागून स्वतःचं नाव ओरडत राहायचं, म्हणजे पहारेकऱ्याला कळतं की पोरगा अजून तिथेच आहे. २००७ मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अशा सुधार-कार्यक्रमांतले दहा मृत्यू तपासले. छळाच्या तक्रारी तर हजारोंनी होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये या छळाविरुद्ध कायदा झाला, पण त्याचा मुख्य भर अभ्यास करण्यावर आहे.

अठरा पूर्ण झालेल्याला असं उचलून नेता येत नाही. मग दुसरा मार्ग काढतात: शिबिराला जा, नाहीतर फी बंद, फोन बंद, घराचं दार बंद. कागदावर सही त्याचीच असते. ही संमती म्हणायची का? मला ती म्हणवत नाही. आई-बापांना मी सरसकट क्रूर ठरवणार नाही. पोराच्या उशाखाली गोळ्या सापडलेल्या आईची रात्र बाहेरच्याला कळत नाही. पण भीतीच्या पोटी घेतलेल्या निर्णयाला उपचार म्हटलं, की त्यात मुलाला काय वाटतं हे विचारायचं राहून जातं. आणि पंचविशीतल्या मुलाने काय शिकायचं, कुणाशी लग्न करायचं हे ठरवणाऱ्या आपण मराठी घरांनी अमेरिकेकडे बोट दाखवताना जरा जपूनच दाखवावं.

मोकळ्या रानात माणूस सावरतो, यावर माझा विश्वास आहे. रात्रभर पावसात तंबू धरून बसलेली पोरं सकाळी एकमेकांशी वेगळं बोलतात, हे मी पाहिलंय. पण ती स्वतःच्या पायांनी आली होती, आणि परतायचं ठरवलं असतं तर कुणी अडवलं नसतं.

तुमच्या ओळखीतल्या कुणी मुलाला अशा शिबिराला धाडायचं ठरवलं, तर फी आणि जेवण विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारायला सांगा. बरोबर मान्यताप्राप्त मानसोपचारतज्ज्ञ कोण आहे? आणि रात्री मुलाचे बूट कुणाकडे असतात?