कोपऱ्यातली ओळ

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात माझ्या नावावर एक तिकीट पडलं: नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातला मजकूर काढा, स्क्रीन भरल्यासारखी दिसते. पार्सल कुठवर आलंय हे ग्राहकाला नकाशावर दाखवायचं, असं आमचं काम. तो मजकूर म्हणजे बारीक राखाडी अक्षरांतली एक ओळ होती, ‘ओपनस्ट्रीटमॅप कॉन्ट्रिब्युटर्स’. नकाशासाठी आम्ही लीफलेट नावाची लायब्ररी वापरत होतो. तिच्यात ‘अ‍ॅट्रिब्यूशन कंट्रोल’पुढे ‘फॉल्स’ लिहिलं की ओळ गायब. मी लिहिलं, टेस्ट केलं, तिकीट बंद केलं आणि चहाला गेलो.

चहा पिताना आठवलं की त्या कॉन्ट्रिब्युटर्समध्ये मीसुद्धा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओपनस्ट्रीटमॅप 2004 साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने सुरू केला. तिथली ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी संस्था उत्तम नकाशे बनवते, पण त्यांचा डेटा हवा असेल तर तेव्हा चांगलेच पैसे मोजावे लागत. मग लोक जीपीएस घेऊन सायकलवर, पायी निघाले आणि फिरलेल्या वाटा अपलोड करू लागले. विकिपीडियासारखंच, कोणीही भरावं, कोणीही दुरुस्त करावं. वापरायला एक रुपया लागत नाही. अट एवढीच, की हा नकाशा कोणी बनवलाय ते बघणाऱ्याला कळू द्या, आणि डेटात भर घालून तो पुढे वाटलात तर तोही असाच खुला ठेवा.

मला याचा नाद लागला लॉकडाउनमध्ये. सातारा जिल्ह्यात आमचं गाव. घरी बसून कंटाळलो होतो, फोनमध्ये एक ट्रेकचं अ‍ॅप होतं, त्याच्या नकाशाच्या कोपऱ्यात हीच ओळ होती. सहज बोट लागलं, साइट उघडली, गाव शोधलं. एक डांबरी रस्ता आणि बाकी पांढरं मैदान. उपग्रहाचं चित्र खाली ठेवून मी त्यावर रेघा ओढायला लागलो. मळ्याकडे जाणारी गाडीवाट, ओढ्यावरची मोरी, मारुतीचं देऊळ, हापसा. चित्रात झाडांखाली वाट दिसेना तिथे चालत जाऊन खात्री केली. बाबा म्हणायचे, ‘ह्यो रोज कुठं उंडारतोय?’

त्याआधी कॉलेजात असताना मी अ‍ॅपलची गोष्ट वाचली होती आणि दिसेल त्याला तावातावाने सांगितली होती. मार्च 2012 मध्ये अ‍ॅपलने आयफोन-आयपॅडसाठी आयफोटो हे अ‍ॅप आणलं. त्यातला नकाशा नेहमीचा गूगलचा नव्हता. रंग, अक्षरं अ‍ॅपलची, पण लोकांनी जरा निरखून पाहिलं तर अमेरिकेबाहेरच्या कितीतरी भागांतले रस्ते ओळखीचे निघाले. ज्याने आपल्या गल्लीचं वळण स्वतः काढलंय त्याला ते कुठल्याही रंगात ओळखू येतं. डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा होता, तोही एप्रिल 2010 चा, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं शिळा. श्रेय कुठेच नाही. ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनने काय करावं? कोर्टाची भाषा नाही, आदळआपट नाही. अ‍ॅपलचं स्वागत केलं आणि श्रेय तेवढं राहिलंय, ते घालायला आम्ही मदत करू, अशा अर्थाचं लिहिलं. साधारण दोन महिन्यांनी अपडेटमध्ये ते श्रेय आलं.

त्या वयात मला हा नरमपणा मुळीच पटला नव्हता. आता वाटतं, दुसरं करणार काय होते? देणग्या आणि स्वयंसेवकांवर चालणारी छोटी संस्था. हे असं कर्ज आहे की वसुलीला दारात कोणी येणार नाही, आणि हे घेणाऱ्याला पक्कं माहीत असतं. आमच्या मीटिंगमध्येही कोणी वाईट माणूस नव्हता. डिझायनरला कोपरा मोकळा हवा होता, मॅनेजरला रिलीज वेळेवर हवं होतं, आणि मला तिकीट बंद करायचं होतं. चहानंतर मी विषय काढलाही. ‘लीगलला विचारू,’ असं उत्तर मिळालं. लीगलला कोणी विचारलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

माझ्या रूममेटचं म्हणणं वेगळं होतं. ‘तू फुकट दिलंस ना? मग नाव कशाला पाहिजे? निष्काम कर्म वगैरे काही असतं की नाही?’ मी हे बरेच दिवस डोक्यात घोळवलं, कारण बोलणं अगदीच खोटं नव्हतं. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी उपग्रहाची चित्रं बघून काही दिवसांत पोर्ट-ऑ-प्रिन्सचा नकाशा काढला, आणि मदतपथकांनी तो वापरला. ढिगाऱ्यातून वाट काढणाऱ्या माणसाच्या कागदावर श्रेयाची ओळ नसती तर त्या लोकांना काही वाटलं नसतं. मलाही वाटलं नसतं. मग इथेच का खुपतंय?

आणि मुळात त्या ओळीत माझं नाव नसतंच. स्टीव्ह कोस्टचंही नसतं. ‘कॉन्ट्रिब्युटर्स’, म्हणजे काम करणारे, बस. एवढ्या बिननावाच्या श्रेयात कोणाचा अहंकार काय सुखावणार! मी स्वतः त्या ओळीवर बोट ठेवूनच आत आलो होतो. ती नसती तर मला वाटलं असतं, नकाशे कंपन्या बनवतात आणि आमचं गाव त्यांना महत्त्वाचं वाटत नाही. मी लिहिलेल्या त्या ‘फॉल्स’ने नेमकी तीच वाट बंद केली. कोणा तालुक्याच्या गावातल्या मुलीला आमच्या नकाशात तिची गल्ली चुकीची दिसली, तर ती आता फार तर आमच्या कस्टमर केअरला फोन करेल. तिथे तिला सांगतील, नोंद घेतली आहे.

जाता जाता सांगायला हवं, की अ‍ॅपलची पगारी टीम पुढे ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्ते भरू लागली, आणि ते काम थोडंथोडकं नाही. त्यामुळे कंपन्या वाईट आणि स्वयंसेवक थोर असं सरळ गणित मला मांडता येत नाही. तसंही मी दोन्हीकडे होतो.

गेल्या पावसाळ्यात गावी गेलो होतो. बाबांनी मोटरचा एक पार्ट ऑनलाइन मागवला होता. माल पोचवणारी कंपनी कोणती, तर आमचीच. बाबा ओट्यावर चष्मा लावून फोन बघत बसलेले. निळा ठिपका डांबरी सोडून मळ्याच्या वाटेला लागला. मोरीला पाणी असतं म्हणून मी काढलेला लांबचा वळसा त्याने बरोबर घेतला.

‘बघ,’ बाबा म्हणाले, ‘कंपनीला आपल्या मळ्याची वाटसुद्धा ठावं हाय. लय हुशार माणसं.’

ती वाट मी काढलीय, असं सांगायला तोंड उघडलं होतं. त्यांनी विचारलं असतं, कुठं लिहिलंय? आणि दाखवायला कोपऱ्यात काहीच नव्हतं. मी म्हणालो, ‘हो, चांगलंय.’ गाडी आली, पार्ट बरोबर होता, बाबा मोटरीकडे गेले.

परवा ती नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत करण्याआधी मी ती फाइल उघडली. आमच्याकडे एक कमांड असते, कोडची कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवते. तिचं नाव ‘गिट ब्लेम’. ती चालवली. ‘फॉल्स’च्या ओळीसमोर माझं पूर्ण नाव होतं, तारखेसकट, वेळेसकट. मी ‘फॉल्स’चं ‘ट्रू’ केलं, कारण लिहिलं आणि रिव्ह्यूला पाठवलं. त्यानंतर माझं लॉगिन बंद झालं. ते कोणी मंजूर केलं की नाही, मला कळायचा मार्ग एकच आहे. बाबांना म्हटलंय, पुढचं पार्सल मागवलंत की मला नकाशाचा स्क्रीनशॉट पाठवा.

‘कशाला?’ ते म्हणाले.

म्हटलं, पाठवा तर. मग सांगतो.