डोनर सरोवरावरील हिमक्रीडा

करमणुकीला नीतीचे प्रश्न विचारूं नयेत, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. वर्षभर राबलेल्या मनुष्यानें चार दिवस मौज केली, तर त्यांत कसली आली आहे नीति-अनीति, असें म्हणून हा विषय संपविला जातो. परंतु कांहीं स्थळें अशीं आहेत कीं, तेथील मौजच हा प्रश्न उभा करते. कॅलिफोर्नियांतील डोनर सरोवर हें त्यांपैकीं एक होय.

सिएरा नेव्हाडा पर्वताच्या कुशींत, सुमारें 1800 मीटर उंचीवर हें सरोवर आहे. कांठाला पाइन वृक्षांचीं वनें, पश्चिमेस ग्रॅनाइटचे उभे कडे, आणि हिवाळ्यांत सर्वत्र शुभ्र हिम. पायांस लांब फळ्या बांधून अशा उतारांवरून वाऱ्याच्या वेगानें घसरत येणें, हा स्कीइंगचा खेळ. वरच्या खिंडीजवळ 1939 सालीं शुगर बोल नांवाचें क्रीडास्थान निघालें, आणि खेळणारांस बसल्या जागीं डोंगरावर नेणारा कॅलिफोर्नियांतील पहिला खुर्च्यांचा रज्जुमार्ग तेथें सुरू झाला. आज लोक सहकुटुंब सुटी घालविण्यास या सरोवरावर येतात, सायंकाळीं शेकोटीपाशीं बसतात, आणि रात्रीं आणखी हिम पडावें अशी इच्छा करीत झोपीं जातात.

याच कांठावर 1846 च्या हिवाळ्यांत हिम थांबावें म्हणून माणसें देवाचा धांवा करीत होतीं. पूर्वेकडून बैलगाड्या घेऊन निघालेला डोनर मंडळींचा तांडा ऑक्टोबरअखेर येथें पोंचला, आणि लवकर आलेल्या हिमानें खिंड बंद केली. सुमारें 80 माणसें अडकलीं. त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. बैल संपले, मग त्यांचीं कातडीं उकडून खाल्लीं, आणि अखेर कित्येकांनीं मेलेल्या सोबत्यांचें मांस खाल्लें. वसंतापर्यंत जवळजवळ निम्मे मरून गेले. या तांड्यासाठीं कॅलिफोर्नियाहून धान्य घेऊन आलेले लुइस व साल्व्हादोर हे दोन तद्देशीय वाटाडे मात्र हिमानें मारले नाहींत. मदत आणण्यास खिंडीपलीकडे गेलेल्या तुकडींतील उपाशी सोबत्यानें त्यांस गोळ्या घातल्या, त्याही खाण्यासाठीं.

मग अशा ठिकाणीं खेळावें काय? स्मशानांत लग्नाचा मांडव घालण्यासारखेंच हें नव्हे काय, असें कोणी म्हणेल. हा आक्षेप मनास भिडतो. पण विचाराअंतीं आम्हांस तो टिकणारा वाटत नाहीं. जेथें कोणी तळमळून मेलें नाहीं अशी भूमि शोधूं गेल्यास पाय ठेवण्यासही जागा उरणार नाहीं. शिवाय त्या मृतांची मागणी काय होती? आपलीं मुलें या हिमांतून सुखरूप पलीकडे जावींत, एवढीच ना? तेथें आज मुलें हिमांत लोळून हसतात, यांत त्यांचा अवमान कसला?

खरा प्रश्न निराळाच आहे. हिम तेंच, उतार तेच. मग मरणाचा खेळ कशानें झाला? जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें 1790 च्या आपल्या ग्रंथांत म्हटलें आहे कीं, निसर्गाचें भयंकर रूप आपण सुरक्षित असूं तरच आपणांस मोह घालतें. आमच्याकडे दुरून डोंगर साजरे म्हणतात, तें याच अर्थानें. स्कीवर घसरणारा मनुष्य डोंगरापासून दूर नसतो. पण संध्याकाळीं परत जाण्याची वाट खुली आहे, या खात्रीनें तो मनानें दूर असतो. ही वाट निसर्गानें दिलेली नाहीं.

ती ज्यांनीं दिली, त्यांच्यासाठीं स्की हा खेळ नव्हता. डोनरच्या दक्षिणेकडील वाटेनें 1856 पासून वीस वर्षें थॉम्पसन नांवाचा नॉर्वेजियन, पायांस फळ्या बांधून, पाठीवर टपालाचें ओझें घेऊन हा पर्वत ओलांडीत असे. मोबदला मागण्यास तो वॉशिंग्टनपर्यंत गेला. सरकारकडून त्यास कांहीं मिळालें नाहीं. खुद्द डोनर खिंडींतून रेल्वे नेली ती हजारों चिनी मजुरांनीं. 1866-67 च्या हिवाळ्यांत हे लोक हिमाखालीं भुयारें खोदून राहत, त्यांतूनच कामावर जात, आणि छिन्नी, हातोडा व सुरुंग यांनीं ग्रॅनाइट फोडीत. हिमकडे कोसळून कित्येक गाडले गेले. त्यांचीं प्रेतें वसंतांत हातीं लागलीं. 1867 च्या जूनमध्यें त्यांनीं गोऱ्या मजुरांइतका पगार व तितकेच तास मागून संप केला, तेव्हां कंपनीनें त्यांची रसद तोडली व आठवड्याच्या आंत संप मोडला. जेथें वीस वर्षांपूर्वीं लोक भुकेनें मेले होते त्याच डोंगरांत उपासमारीचें हत्यार वापरावें, हें आम्हांस हिमापेक्षांही थंड वाटतें. पुढें 1882 त तर चिनी मजुरांस त्या देशाचीं दारेंच बंद झालीं.

सरोवराच्या कांठीं डोनर मंडळींचें स्मारक 1918 सालीं उभारलें. त्याचा चौथरा 22 फूट उंच आहे, कारण त्या वर्षीं हिम तितकें चढलें होतें असें सांगतात. आम्ही त्याच्याविरुद्ध नाहीं. पण जे उपाशी मेले त्यांच्याविषयीं दया वाटणें सोपें आहे. दया दाखविली कीं आपण मोकळे होतों. ज्यांच्या श्रमावर आपली मौज उभी आहे त्यांचें तसें नाहीं. त्यांचें देणें असतें, आणि देणेकऱ्यास धनकोचें नांव आठवत नाहीं ही जुनीच रीत आहे. त्या चिनी मजुरांपैकीं बहुतेकांचीं नांवें कंपनीच्या वेतनपटांतही नाहींत.

खिंडीच्या माथ्यावरच्या त्या बोगद्यांतून 1993 पासून गाड्या जात नाहींत. रूळही उखडले आहेत. जवळच मजुरांनीं चुन्यावांचून रचलेली दगडी भिंत जशीच्या तशी उभी आहे. लोक तिला चिनी भिंत म्हणतात. बोगद्याच्या काळ्या कातळावर हातानें पाडलेल्या सुरुंगांच्या भोंकांचे व्रण बोटांस लागतात.