‘नाही’ या उत्तराचं काय करायचं?

१९९८ साली मी बडोद्यात एका आरोग्य-पाहणीत काही महिने काम केलं. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळत. त्या त्या नियमित घेतात का, एवढंच वस्तीत घरोघर जाऊन विचारायचं होतं. फॉर्मवर दोन चौकटी होत्या, ‘होय’ आणि ‘नाही’. जवळजवळ सगळ्याजणी ‘होय’ म्हणत. एका घरी चहासाठी आग्रह झाला म्हणून थांबले. साखरेसाठी तिनं फळीवरचा डबा काढला, तर चुकून दुसराच उघडला गेला. आत लाल गोळ्यांच्या पट्ट्या रबर लावून नीट ठेवलेल्या होत्या. एकही फोडलेली नव्हती. आमची नजरानजर झाली. तिनं झाकण लावलं आणि मी चहा प्यायले. बाहेर येऊन फॉर्म पाहिला, तर ‘होय’वर खूण आधीच केलेली होती. ती मी बदलली नाही.

तिची अडचण होऊ नये म्हणून बदलली नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. खरं कारण वेगळं होतं. ‘होय’ वरच्या लोकांना आवडत होतं, आणि पुढच्या टप्प्याचं काम मला हवं होतं.

ही जुनी खूण पुन्हा टोचू लागली ती गीता रामजी यांच्याबद्दल वाचताना. दक्षिण आफ्रिकेतल्या डरबन शहरात त्यांनी एचआयव्हीच्या प्रतिबंधावर पंचवीसएक वर्षं संशोधन केलं. ३१ मार्च २०२० रोजी कोविडनं त्यांचं निधन झालं, तेव्हा त्या ६३ वर्षांच्या होत्या. मृत्यूनंतर त्यांच्याबद्दल जे लिहिलं गेलं त्यात चिकाटी आणि ध्येयनिष्ठा हे शब्द वारंवार आले. शब्द खोटे नव्हते, पण त्यांच्या कामाचा हिशोब मांडायला बसलं की ते अपुरे वाटतात. कारण त्या कामाचा मोठा भाग ‘नाही’ या उत्तराचा आहे.

त्यांचा जन्म १९५६ चा, युगांडातल्या कंपाला शहरातला, पारेख कुटुंबातला. इदी अमीनच्या राजवटीत आशियाई लोकांना देश सोडावा लागला, त्यात हे कुटुंबही होतं. हायस्कूलचं शिक्षण भारतात, पदवी इंग्लंडमध्ये संडरलंडला. तिथं भेटलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या सहाध्यायाशी लग्न करून त्या डरबनला आल्या. काळ वर्णभेदाचा. एका देशानं वंशामुळे बाहेर काढलेली मुलगी, वंशावरूनच माणसांची प्रतवारी लावणाऱ्या दुसऱ्या देशात राहायला आली. तिथं वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात नोकरी, दोन मुलगे, आणि मग १९९४ मध्ये, देशातल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वर्षी, पीएच.डी. आपल्याकडे अशा माणसाला लगेच ‘आपली’ म्हणण्याची घाई असते. पण त्यांनी आयुष्य ज्या बायकांसाठी घालवलं त्या झुलू बोलणाऱ्या, डरबनच्या आसपासच्या वस्त्यांतल्या होत्या. मी त्यांना आफ्रिकी शास्त्रज्ञच म्हणेन.

प्रश्न साधा होता. नवरा किंवा जोडीदार कंडोम वापरायला तयार नसेल, तर बाईनं काय करायचं? ‘सांभाळून राहा’ हा उपदेश तिच्या हातात काहीच देत नाही. तिला तिच्या हातातलं, त्याची परवानगी न लागणारं साधन हवं होतं. योनीत लावायची जेल हे त्यातलं पहिलं. नॉनॉक्सिनॉल-९ हे रसायन गर्भनिरोधक म्हणून औषधांच्या दुकानांत अनेक वर्षं मिळत होतं, आणि प्रयोगशाळेतल्या नळीत ते विषाणू मारतही होतं. डरबन आणि जोहान्सबर्गच्या दरम्यान ट्रक थांबतात त्या ठिकाणी देहविक्रय करणाऱ्या बायकांमध्ये रामजींच्या गटानं काम सुरू केलं. तिथल्या ट्रकचालकांच्या त्यांनी केलेल्या तपासणीत निम्म्याहून जास्त, ५६ टक्के, एचआयव्हीबाधित निघाले. धोका किती होता हे यावरून कळावं.

बेनिन, आयव्हरी कोस्ट, थायलंड आणि दक्षिण आफ्रिका अशी ही एकत्रित चाचणी होती. निष्कर्ष २००० साली डरबनमध्येच भरलेल्या जागतिक एड्स परिषदेत जाहीर झाला. शेवटी ज्या ७६५ बायकांचा हिशोब धरला गेला, त्यांत नुसती साधी जेल वापरणाऱ्या गटात ४५ जणींना लागण झाली, आणि औषधाची जेल वापरणाऱ्या गटात ५९ जणींना. वारंवार वापरल्यानं त्या रसायनानं आतल्या नाजूक अस्तराला इजा होत होती, आणि विषाणूला वाट मिळत होती. संरक्षण म्हणून दिलेल्या गोष्टीनं दारच उघडून दिलं होतं.

मला या जागी थांबावंसं वाटतं. आपण ‘अपयशानं खचू नये’ असं सहज म्हणतो, पण परीक्षेतलं अपयश आणि हे अपयश एका जातीचं नाही. इथं किंमत दुसऱ्या कुणी मोजली होती, आणि त्या बायकांची नावं संशोधकांच्या नोंदवहीत होती. अशा वेळी लगेच उठून उभं राहणारी चिकाटी ही सद्गुण आहे की निबरपणा?

त्यानंतरची वर्षंही तशीच गेली. सेल्युलोज सल्फेटच्या जेलची चाचणी २००७ च्या जानेवारीत मध्येच थांबवली, कारण जेलच्या गटात लागण जास्त दिसू लागली होती. या चाचणीची केंद्रं आपल्याकडे चेन्नई आणि बागलकोटलाही होती. त्याच वर्षी डायफ्रॅमच्या चाचणीचं उत्तर आलं: फरक नाही. २००८ मध्ये समुद्रशेवाळापासून केलेल्या कॅरागार्ड जेलचं: फरक नाही. २००९ च्या सुरुवातीला प्रो-२००० या जेलनं थोडी आशा दाखवली, आणि वर्षअखेरीला नऊ हजारांवर बायकांच्या मोठ्या चाचणीनं ती पुसून टाकली: १३० विरुद्ध १२३. या सगळ्या चाचण्यांत डरबनच्या केंद्रांची धुरा रामजींकडे होती.

आपल्या संस्कारात यावर एक तयार उत्तर आहे, आणि योगायोगानं ते त्यांच्या नावातच आहे: फळाची आशा न धरता कर्म करावं. मलाही आधी तेच सुचलं. पण विचार करता करता ते इथं लागू पडत नाही असं वाटू लागलं. औषधाची चाचणी हे मुळात फळ मोजण्याचंच काम आहे. फळाविषयी उदासीन राहणारा संशोधक या बायकांचा गुन्हेगार ठरेल. लागण वाढते आहे हे दिसताच चाचणी बंद पडली, ती कुणीतरी फळाकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होतं म्हणूनच.

सोडायचं ते वेगळंच असतं. फळ आपल्या मनासारखंच यावं, हा आग्रह. आणि हा आग्रह मनाच्या निग्रहानं सुटत नाही, हे विज्ञानानं ओळखलं आहे. म्हणून कोणत्या बाईला औषधाची जेल आणि कोणाला साधी, हे ना तिला कळू देत, ना संशोधकाला. चालू चाचणीतले आकडे संशोधकाला पाहू देत नाहीत, ते बाहेरच्या तज्ज्ञांची समिती पाहते आणि तीच चाचणी थांबवू शकते. माणसानं स्वतःच्याच आशेवर बसवलेला हा पहारा आहे. वैराग्याबद्दल मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, पण त्याची इतकी व्यवहारी तजवीज क्वचितच पाहिली.

मराठीत जिद्द आणि हट्ट हे दोन शब्द आपण जवळजवळ ठेवतो. मला त्यांतला फरक या जेलच्या इतिहासात दिसला. हट्ट साधनाला चिकटतो, जिद्द हेतूला. नॉनॉक्सिनॉल-९ ला चिकटून बसणारी माणसं अजून काही बायकांचं नुकसान करत राहिली असती. रामजी आणि त्यांचे सहकारी एकेक साधन खाली ठेवत गेले. प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही.

तरीही सर्वात अवघड ‘नाही’ अजून यायचं होतं. २०१० मध्ये डरबनच्याच कुरैशा आणि सलीम अब्दुल करीम यांच्या गटानं टेनोफोविर जेलनं लागण ३९ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं, आणि पहिल्यांदाच या क्षेत्रात आनंद झाला. त्याच सुमारास ‘व्हॉइस’ नावाची मोठी चाचणी चालू होती. दक्षिण आफ्रिका, युगांडा, झिम्बाब्वेतल्या ५,०२९ बायका आणि डरबनची केंद्रं रामजींची. २०१३ मध्ये उत्तर आलं: गोळीनंही नाही, जेलनंही नाही. बायकांनी स्वतः सांगितलेल्या हिशोबात वापर नव्वद टक्क्यांच्या घरात होता. रक्ताच्या नमुन्यांत औषध सापडलं ते तीस टक्क्यांहूनही कमी नमुन्यांत.

म्हणजे डबा उघडला गेला होता.

इथं रागावणं सोपं होतं. आम्ही तुमच्यासाठी राबतो आणि तुम्ही खोटं बोलता, असं कुणाच्या तरी मनात आलंच असेल. पण पुढे जे झालं ते मला महत्त्वाचं वाटतं. संशोधक त्यांच्यातल्या काही बायकांकडे परत गेले. रक्ताचे निकाल त्यांच्यासमोर ठेवले आणि विचारलं, का? मग कारणं निघाली. एचआयव्हीचंच औषध जवळ सापडलं तर लोक आपल्यालाच बाधित समजतील. जोडीदाराला काय सांगायचं? निरोगी असताना औषध घेतलं तर अपाय होईल ही भीती. आणि न वापरल्याचं सांगितलं तर चाचणीतून नाव काढतील, चांगल्या तपासण्या बंद होतील, ही काळजी. ‘होय’ म्हणणं त्यांच्या बाजूनं अगदी शहाणपणाचं होतं.

माझ्या वस्तीतल्या बाईला मी ‘का’ विचारलंच नाही. गोळ्यांनी मळमळत असेल, सासूचा विरोध असेल, मूल मोठं होऊन बाळंतपण अडेल अशी भीती असेल. मला आजही माहीत नाही. मी तिची लाज राखली असं मानत होते, पण तिचं ‘नाही’ ऐकायला नकार दिला होता. ते कागदावर आलं असतं तर कदाचित गोळीऐवजी दुसरं काही शोधावं लागलं असतं.

एक आक्षेप उरतोच, आणि तो बाजूला सारणं बरोबर नाही. पैसा बहुतांशी पाश्चात्त्य देशांचा, औषधं त्यांच्या कंपन्यांची, शरीरं मात्र आफ्रिकेतल्या गरीब बायकांची. शास्त्रज्ञाच्या चिकाटीचं कौतुक करताना आपण चिकाटीची खरी मालकी हिरावून तर घेत नाही? शास्त्रज्ञाला प्रत्येक ‘नाही’नंतर नवा प्रकल्प मिळतो, आणि लागण झालेल्या बाईला आयुष्यभराचं औषध. हा असमतोल कोणत्याही ध्येयानं पुसला जात नाही. रामजींच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की, लागणीचं प्रमाण जिथं सर्वात जास्त होतं तिथंच उत्तर शोधावं लागणार होतं, आणि शोधणारी माणसं तिथलीच, त्याच शहरात राहणारी असावीत हे परक्या शहरातून सूत्रं हलण्यापेक्षा बरं. हे उत्तर पुरेसं नाही. पण अशा कामात असणाऱ्यानं हा प्रश्न सुटल्याचं समाधान मिळवूच नये असं मला वाटतं.

२०१६ मध्ये एक अर्धं ‘होय’ आलं. महिनाभर आत ठेवायच्या डॅपिव्हिरिन रिंगनं, रामजींच्या केंद्रांचाही सहभाग असलेल्या चाचणीत, लागण २७ टक्क्यांनी घटली. एकवीस वर्षांखालच्या मुलींमध्ये मात्र काहीच फरक दिसला नाही. रिंगला युरोपीय औषध-संस्थेचा अनुकूल अभिप्राय मिळाला जुलै २०२० मध्ये, रामजी गेल्यानंतर चार महिन्यांनी. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडात, म्हणजे त्यांना आसरा देणाऱ्या आणि त्यांना घालवून देणाऱ्या दोन्ही देशांत, लेनाकापाविर या सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनची चाचणी झाली. ते घेणाऱ्या २,१३४ मुली आणि बायकांत एकीलाही लागण झाली नाही. रोज काही लावायचं नाही, घरात काही लपवायचं नाही. ज्यांनी आधी ‘होय’ सांगून प्रत्यक्षात ‘नाही’ केलं होतं, त्यांच्याकडूनच शिकलेली ही गोष्ट होती. तेच इंजेक्शन स्वस्तात बनवण्याचे करार आता हैदराबादच्या कंपन्यांनी केले आहेत.

हे सगळं रामजींना ठाऊक असायला हवं होतं, असं मनात येतं. पण शेवट गोड झाला म्हणून आधीची वर्षं सार्थकी लागली, असं मला म्हणायचं नाही. इंजेक्शन आलंच नसतं तरी २००० सालचं ते ‘नाही’ खरंच राहिलं असतं, आणि नॉनॉक्सिनॉल-९ च्या भरवशावर राहणाऱ्या किती बायका त्यामुळे वाचल्या हे कुणी मोजलेलं नाही. न झालेल्या लागणीला नाव नसतं.

तो फॉर्म आता कुठल्या कपाटात असेल, की रद्दीत गेला असेल, कोण जाणे. बाईचा चेहरा मला नीट आठवत नाही. पट्ट्यांना लावलेलं रबर मात्र आठवतं. टाकून न देता तिनं त्या जपून ठेवल्या होत्या. कुणी विचारलं असतं तर कदाचित सांगणार होती.