‘देवाची इच्छा’ म्हणताना

आपल्या ख्रिस्ती घरांत काही वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झाली आहेत. ‘देवाची इच्छा!’ हे त्यांतलेच एक. वादळाने वाडीतल्या केळी आडव्या झाल्या, मुलाची नोकरी गेली, ठरलेले लग्न मोडले, घरातला कर्ता माणूस अकाली गेला, की शेजारीपाजारी उंबरठ्यावर येतात आणि जड आवाजात हेच दोन शब्द बोलून जातात. बोलणाऱ्याच्या मनात कणव असते, यात शंका नाही. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात त्या दोन शब्दांचे काय होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. मीही केला नव्हता. तो करायला मला एका माउलीने भाग पाडले.

माझी गुरुदीक्षा होऊन जेमतेम वर्ष झाले होते. वसईतल्या एका धर्मग्रामात मी साहाय्यक धर्मगुरू होतो. एके सकाळी निरोप आला, की गावातला एकोणीस वर्षांचा मुलगा विरार लोकलच्या दारातून पडून गेला. मी धावत त्या घरी पोहोचलो. घर फुलबागायतदाराचे. पहाटे खुडलेल्या चाफ्याच्या टोपल्या दादरच्या बाजाराला जायच्या, त्या ओटीवर तशाच राहिलेल्या. आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. मी सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला तरुण. आपण काहीतरी बोललेच पाहिजे, असे मला वाटले. मी म्हणालो, “काकी, माळी बागेतले सर्वांत सुंदर फूल आधी खुडतो. देवाला तुमचा मुलगा हवा होता. त्याची इच्छा!”

त्यांनी मान वर केली आणि शांतपणे विचारले, “फुले आम्हीही रोज खुडतो, फादर. आम्हाला गरज असते म्हणून खुडतो. देवाला कसली गरज होती?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. परमेश्वर परिपूर्ण आहे, त्याला कशाचीही उणीव नाही, हे मी सेमिनरीत शिकलो होतो आणि परीक्षेत लिहून चांगले गुणही मिळवले होते. तेच तत्त्व एका बागायतदाराच्या घरच्या बाईने माझ्यापुढे प्रश्न करून ठेवले होते. ज्याला काही कमी नाही, तो आईच्या मांडीवरचे मूल का ओढून नेईल? त्यानंतर कित्येक महिने रविवारच्या मिस्साला त्या दिसल्या नाहीत. त्यांच्या मुलाला लोकलने नेले होते. त्यांच्या देवाला मात्र त्या दिवशी मी दूर लोटले होते, ही बोच मला अजून आहे.

माझे चुकले कुठे? देवाच्या योजनेवर माझा विश्वास होता, ही चूक नव्हे. तो विश्वास नसेल तर आपल्या श्रद्धेत उरते काय? चूक ही, की ती योजना मला ठाऊक आहे अशा थाटात मी बोललो. देवावर भरवसा ठेवणे ही एक गोष्ट. देवाच्या मनातले मला कळले असे सांगणे ही अगदी दुसरी. पहिली श्रद्धा आहे. दुसरी पुष्कळदा श्रद्धेचे कपडे घातलेला उद्धटपणा असतो.

या बाबतीत आपल्या धर्मपंडितांनी फार जपून शब्द वापरले आहेत. संत ऑगस्टीन यांनी सांगितले, की परमेश्वर सर्वशक्तिमान आणि चांगला आहे. वाइटातूनही चांगले काढण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी नसते, तर त्याने वाईट मुळी घडूच दिले नसते. संत थॉमस अक्वायनस यांनी याच धाग्याला पुढे पीळ दिला. वाईट घडावे अशी देवाची इच्छा नसते. तो ते घडू देतो. घडवून आणणे आणि घडू देणे यांतला हा भेद वरवर सूक्ष्म वाटतो. पण मृत्यूच्या दारी उभ्या असलेल्या आईच्या दृष्टीने तो जमीन-अस्मानाचा आहे. पहिल्यात देव तिच्या मुलाचा मारेकरी ठरतो; दुसऱ्यात तो तिच्याबरोबर शोक करणारा आणि त्या शोकातूनही काही वाचवू पाहणारा पिता राहतो.

या भेदाची आणखी एक बाजू आहे. कोवळ्या मुलांना रोज लोकलच्या दारात लटकत कामावर जावे लागते, ही माणसांनी केलेली आणि माणसांनीच दुरुस्त करण्याजोगी अव्यवस्था आहे. तिला देवाची इच्छा म्हटले, की सगळेच सुटतात. कोणाला जाब विचारायला नको, कोणाला लाज वाटायला नको. स्वर्गाकडे बोट दाखवून आपण पृथ्वीवरच्या अपराध्यांना अभय देतो.

पवित्र शास्त्रातला ईयोबाचा ग्रंथ याच दुखण्यावर बोट ठेवतो. ईयोबाचे तीन मित्र त्याच्या समाचाराला आले. त्याची अवस्था पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. एक शब्दही बोलले नाहीत. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्या दुःखाची कारणे सांगायला सुरुवात केली. ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा कोप होतो, तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर! देवाला आपल्या वकिलांची एवढी चीड यावी, हे विचार करण्याजोगे आहे. प्रभू येशूनेही हाच मार्ग धरला. यरुशलेममध्ये सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती हा तर्क त्याने फेटाळून लावला आणि ऐकणाऱ्यांना स्वतःच्या जीवनाकडे पाहायला सांगितले.

“पण फादर, योसेफाचे काय?” असे कोणी विचारील. भावांनी विकलेल्या योसेफाने शेवटी म्हटलेच ना, की तुम्ही वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले साधले? होय, म्हटले. परंतु ते कोणी, केव्हा आणि कोणाला म्हटले ते नीट पाहू या. विकला गेला तेव्हा योसेफ सतरा वर्षांचा होता. फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा. सुकाळाची सात वर्षे संपून दुष्काळाची दोन सरली, तेव्हा कुठे त्याने भावांना ओळख दिली. म्हणजे मधे बावीस वर्षे गेली. त्यांत खड्डा होता, गुलामी होती, खोटा आरोप होता, तुरुंग होता. देवाच्या योजनेविषयीचे ते शब्द खड्ड्यात पडलेल्या योसेफाला वरून डोकावून कोणी सांगितले नाहीत. ज्याने सोसले त्याने, सोसून झाल्यावर, स्वतःच्या तोंडाने ते सांगितले. आणि तेही ज्यांनी छळले त्यांचे भय घालवण्यासाठी. भावांचे पाप मात्र पापच राहिले. देवाने त्यातून धान्य पिकवले, म्हणून विक्रीचा व्यवहार पुण्यकर्म ठरला नाही.

आपल्या वसईच्या मातीतही असा एक योसेफ होऊन गेला. संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपल्या मुलाबाळांना ठाऊक असते. पण त्यांच्या वाट्याला आलेला नकार आपण सहसा सांगत नाही. सोळाव्या शतकात, ऐन मिसरूड फुटण्याच्या वयात, गोन्सालो येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी आत्मसात केली आणि कित्येक वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची आस होती. ती पुरी झाली नाही. ज्या दारात तारुण्य घालवले ते दार उघडले नाही. गोन्सालो व्यापाराकडे वळले आणि पुढे मनिलाला पोहोचले. तेथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना व्रतस्थ बंधू म्हणून स्वीकारले. १५९३ साली ते पुन्हा जपानला गेले, ते फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर खिळवण्यात आले, त्यांत ते होते. त्याच रांगेत मेक्सिकोचा तरुण फेलिपे होता. गुरुदीक्षेसाठी तो मनिलाहून मायदेशी निघाला होता. वादळाने त्याचे गलबत जपानच्या किनाऱ्याला लावले. एकाला नकाराने तेथे आणले, दुसऱ्याला वादळाने.

आज वेदीवरच्या पुतळ्याकडे पाहून ‘बघा, त्या नकारातच देवाची योजना होती’ असे म्हणणे सोपे आहे. पण मनिलाच्या बंदरात माल मोजणाऱ्या गोन्सालोला हे ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होते ते एवढेच, की आपल्याला नको म्हटले गेले. तरीही त्याने प्रार्थना सोडली नाही, शिकलेली भाषा विसरली नाही, मन कडू होऊ दिले नाही. त्याची थोरवी योजना ओळखण्यात नव्हती. योजना दिसत नसताना विश्वासू राहण्यात होती.

नागासाकीची कथा टेकडीवर संपत नाही. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. दोनशेहून अधिक वर्षे तिथल्या भाविकांनी धर्मगुरूविना, चर्चविना, घरातल्या घरात बाप्तिस्मा देत श्रद्धा जपली. १८६२ साली नवव्या पायस पोपमहाशयांनी त्या सव्वीस जणांना संतपद दिले. त्यांच्याच नावाने नागासाकीत ओउरा येथे चर्च उभे राहिले. आणि १८६५ च्या मार्च महिन्यात उराकामी गावची काही माणसे तेथे येऊन फ्रेंच धर्मगुरूंच्या कानात हळूच सांगू लागली, की आमचे आणि तुमचे हृदय एकच आहे. वाचताना अंगावर काटा येतो. येथे थांबलो, तर ‘सर्व काही चांगल्यासाठीच घडते’ असे लिहून मला लेख पुरा करता येईल.

पण थांबता येत नाही. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला, तो याच उराकामीच्या डोक्यावर फुटला. दोन शतके टिकून राहिलेल्या त्या भाविकांच्या वंशजांपैकी, सुमारे बारा हजारांपैकी साडेआठ हजार, गेले. महामंदिर कोसळले, आत पापनिवेदन ऐकत बसलेले धर्मगुरू आणि त्यांच्यापुढे आलेले भाविक त्याखाली गाडले गेले. ही कोणाची इच्छा म्हणायची?

त्या नोव्हेंबरात भग्न महामंदिराजवळ मृतांसाठी मिस्सा झाला. तेथे डॉ. ताकाशी नागाई बोलले. ते क्ष-किरणतज्ज्ञ होते आणि स्वतः रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेले होते. घराच्या राखेत त्यांना पत्नीची हाडे आणि तिची जपमाळ सापडली होती. युद्धाच्या पापाबद्दल उराकामीचे निष्कलंक कोकरू देवाने अर्पण म्हणून स्वीकारले, असे त्यांनी म्हटले. काहींचे त्याने सांत्वन झाले. काहींना ते शब्द झेपले नाहीत. बाँब टाकणारा हात माणसाचा होता, मग देवाचे नाव का, असे त्यांना वाटले. मला वाटते, नागाईंना ते म्हणण्याचा अधिकार होता, कारण ते स्वतःचीच राख हातात घेऊन बोलत होते. बाँब टाकणाऱ्याने किंवा दूर सुरक्षित बसलेल्या माझ्यासारख्याने तेच वाक्य उच्चारले असते, तर ती देवनिंदा झाली असती. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल जपानला गेले, तेव्हा त्यांनी हिरोशिमात निःसंदिग्धपणे सांगितले, की युद्ध हे माणसाचे काम आहे. दोषाचा धनी कोण, हे त्या एका विधानाने स्वच्छ झाले.

मग भरवसा म्हणजे नेमके काय? गेथशेमनी बागेत प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून घाम गाळून विनवणी केली. क्रुसावर त्याने ‘का?’ असा टाहो फोडला, आणि तो टाहोही स्तोत्रातली प्रार्थनाच होती. त्याला उत्तर मिळाल्याचे शुभवर्तमान सांगत नाही. परंतु ज्याच्याविषयी तक्रार होती त्याच्याच हाती त्याने आपला आत्मा सोपवला. भरवसा म्हणजे उत्तर सापडणे नव्हे. उत्तर मिळेपर्यंत, आणि या जन्मी ते न मिळाले तरीही, पित्याशी बोलणे न सोडणे, हा भरवसा. भरवसा ठेवणारा माणूस हात बांधून बसत नाही. तो आजाऱ्याला डॉक्टरकडे नेतो, पडलेली केळ उपटून नवी लावतो, अन्याय दिसला तर तक्रार नोंदवतो. देव वाइटातून चांगले काढतो, ते बहुधा आपल्याच हातांनी.

अनेक वर्षांनंतर एका अंत्यविधीसाठी मी त्या जुन्या धर्मग्रामात गेलो होतो. वेदीपाशी एक वृद्ध बाई चाफ्याची फुले रचत होती. मी ओळखले. जवळ जाऊन म्हणालो, “काकी, त्या दिवशी मी चुकलो.”

“तुम्ही पोरच होता, फादर,” त्या म्हणाल्या, “काहीतरी बोलायला हवे असे तुम्हाला वाटले. नुसते बसला असता तरी चालले असते.”

मी विचारले, “मग चर्चला पुन्हा कशा येऊ लागलात?”

“माझे देवाशी भांडण होते. भांडायला तरी त्याच्याच दारी यायला हवे ना?” असे म्हणून त्यांनी उरलेली फुले वेदीवर ठेवली. “अजून काही बोलला नाही तो. पण मी येते.”

आता मी मृत्यूच्या घरी जातो तेव्हा आधी जमिनीवर बसतो. कोणी हात पुढे केला तर धरतो. घरची माणसे म्हणतील तेव्हा त्यांच्याबरोबर जपमाळ म्हणतो. ‘देवाची इच्छा’ हे शब्द खोटे नाहीत. आपला प्रभूच ते आपल्याला शिकवून गेला. पण त्याने ते स्वतःच्या दुःखाविषयी उच्चारले. म्हणून मीही ते आता माझ्यासाठीच राखून ठेवतो. दुसऱ्याच्या घरात ते उच्चारायचे की नाही, हे त्या घरच्यांनी ठरवावे.